प्रदत्त मते: शून्य

पूर्णिमा सरनोबत बाईंना पोह्यांचा राग आला होता. पोह्यांत तशी खोट काढण्यासारखं काही नव्हतं. वर ओलं खोबरं होतं, लिंबाची फोड होती, शेव वेगळ्या वाटीत होती. पण तपासणीला आलेल्या माणसापुढं दप्तराच्या आधी ताटली येते, तेव्हा दप्तरातही काहीतरी शिजलेलं असतं, हे बाई पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकल्या होत्या. त्यांनी ताटली बाजूला सारली आणि म्हणाल्या, "आधी वही."

गाव चाफवडे, गारगोटीपासून तासाभराच्या वाटेवर. ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन महिना झाला होता. गुलाल धुऊन निघाला होता, फटाक्यांचे कागद गटारात कुजले होते. यंदा जिल्ह्यातल्या काही गावांत मतदानानंतर त्रयस्थ माणसांकडून तपासणी करून घ्यायची असं ठरलं होतं. कोण निवडून आलं हे बघायचं नाही, मतदान रीतीनं झालं का तेवढं बघायचं. त्यासाठी दोन माणसं आली होती. एक या पूर्णिमाबाई, कोल्हापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अकरा निवडणुकांत केंद्र सांभाळलेल्या, आणि नंतर दहा वर्षं शेकडो मास्तरांना त्याच कामाचं प्रशिक्षण दिलेल्या. दुसरे जयसिंगपूरचे सोमशेखर मगदूम. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेले. बोलणं कमी, पण समोरचा जे बोलेल ते शब्दाला शब्द कागदावर उतरवायची त्यांना सवय.

ग्रामपंचायतीचं सभागृह गावकऱ्यांनी भरलं होतं. भिंतीवर काचेच्या चौकटीत दोन प्रशस्तिपत्रं टांगली होती. 'आदर्श मतदान केंद्र'. खाली एकाच बाकावर, मांडीला मांडी लावून, दोन माणसं बसली होती. धैर्यशील, नवा सरपंच. आणि हंबीरराव, त्रेचाळीस मतांनी पडलेला. निवडून आलेला आणि पडलेला महिन्याभरात एका बाकावर बसतात आणि एकमेकांना तंबाखू देतात, हे बाईंना पोह्यांपेक्षाही जास्त खटकलं.

वही आली. मतदार आला की त्याचा क्रमांक आणि त्याची सही किंवा अंगठा या वहीत घेतात. बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक पान उलटायला सुरुवात केली. सहाशे अकरा नोंदी होत्या. तीनशे चाळीसपर्यंत सगळं ठीक. तीनशे एक्केचाळीसाव्या नोंदीवर बाईंचं बोट थांबलं.

तिथून पुढं अठरा सह्या. एक डावीकडं कललेली, एक उभी. पुन्हा एक कललेली, पुन्हा एक उभी. आळीपाळीनं. प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतः ठोकणारी पोरं बाईंनी पस्तीस वर्षं पकडली होती. ती पोरंसुद्धा याहून जास्त कष्ट घेत.

"ह्या अठरा सह्या दोन माणसांनी केल्यात," बाई म्हणाल्या.

सभागृह गप्प होईल, कुणीतरी नाही म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. हंबीरराव हसला आणि धैर्यशीलकडं बघून म्हणाला, "मी म्हटलं न्हवतं, मॅडम हुशार हायत?"

"व्हय की," धैर्यशील म्हणाला. "मॅडम, त्यात लपवायसारकं काय न्हाय. ती आमच्या गावची रीत हाय."

मग त्यानं ती रीत सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज एखाद्या जत्रेची माहिती द्यावी तसा खुलला होता. पूर्वी गावात बोगस मतांवरून डोकी फुटायची. एकदा तर शाळेच्या दारात कोयते निघाले होते. तेव्हा दोन्हीकडच्या जाणत्यांनी देवळात बसून तोड काढली. मतदानाच्या आदल्या दिवशी यादी करायची. जे मेलेत पण यादीत हायत, जे पुण्या-मुंबईला हायत, इचलकरंजीला मागावर हायत, त्यांची. ती नावं दोन्ही पार्ट्यांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. दुपारी दीडनंतर केंद्रावर कुणी नसतं, तेव्हा एक तुझं, एक माझं, अशी ती मतं घालून टाकायची. कुणी हरकत घ्यायची नाही.

"यंदा अठरा निगाली," हंबीरराव म्हणाला. "नऊ त्येंची, नऊ माजी. फिट्टंफाट. निकालात एका मताचा फरक पडत न्हाय. मी त्रेचाळीसनं पडलो ते माज्या कर्मानं पडलो."

"आन् वीस वर्सांत गावात एक तक्रार न्हाय," धैर्यशीलनं भिंतीवरच्या चौकटीकडं बोट केलं. "उगंच न्हाय ती कागदं मिळाली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर पकडला की मान खाली घालतो. हे दोघं चोरीचा हार गळ्यात घालून बसले होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथं दोघांच्या समेटात अठरा जण लुटले गेले होते आणि वर गावाला बक्षीस मिळालं होतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप, आणि सरकारची शाबासकी.

"मत म्हणजे काय भावकीतला बांध आहे का, निम्मा-निम्मा करायला?" बाई ओरडल्या. "ज्यांची मतं तुम्ही घातली, त्यांना विचारलंत?"

"मेल्याल्यांस्नी कसं इचारायचं मॅडम?" मागून कुणीतरी म्हणालं आणि माणसं हसली.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. दोघं-तिघं दारात आडवे उभे होते आणि त्यांच्या काखेखालून एक म्हातारी आत घुसायला बघत होती. "आज्जे, सायेब लोक कामात हायती, मागनं ये," असं कुणी तिला समजावत होतं. म्हातारीनं समजावणाऱ्याच्या हातावर चापट मारली आणि ती आत आली. सत्तरीची, काटक, पदर खोचलेला.

"मी चिमणाबाई खोत," ती टेबलापुढं उभी राहून म्हणाली. "माजं मत कुणी खाल्लं ते बगायला आलोय."

सोमशेखरांनी नवा कागद पुढं ओढला.

चिमणाबाईची हकिकत साधी होती. लेक बाळंत झाली म्हणून ती महिनाभर राधानगरीला होती. मतदानाच्या दिवशी सकाळी तिनं नातवाला आंघोळ घातली, लेकीला भाकरी करून ठेवली आणि एसटी धरली. गारगोटीला उतरून वडापची जीप. दुपारी तीनला गावात.

"घरात पिशवीबी टाकली न्हाय. पाण्याचा घोट घेटला न्हाय. थेट शाळंत गेलो. तितं मास्तर म्हनलं, आज्जी, तुमचं मत झालंय. आता झालंय म्हंजे? माजं मत म्हंजे काय लगीन होऊन गेल्याली पोरगी हाय व्हय? मी हितं हुबी, आन् माजं मत झालंय!"

बाईंनी वही उलटली. तीनशे एकोणपन्नास. चिमणाबाई खोत. समोर एक डावीकडं कललेली, लपेटदार सही.

"तुम्हाला सही येते?"

"अंगठा हाय माजा. आन् ह्ये बगा," तिनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं, जणू महिन्यानंतरही तिथं काही दिसायला हवं होतं. "शाई लावल्याली न्हाय. लगीन होऊन आल्यापास्नं एकबी मत सोडलं न्हाय मी. मालक गेलं त्या वर्साला बारावा व्हायच्या आत जाऊन मत दिलतं."

"चिमणाकाकी, चूक झाली," धैर्यशील आवाजात मध घालून म्हणाला. "तू न्हाईस म्हणून तुजं नाव यादीत घातलं. पण तुजं मत मलाच पडलंय की. तू तरी दुसऱ्या कुणाला देणार हुतीस?"

"ते तुला कशाला सांगू?" चिमणाबाई म्हणाली. "आन् तुमची ती वाटणीची यादी वाचून दावली मला शेजारच्या निवृत्तीच्या सुनंनं. वर तीन मेल्याली माणसं, खाली मी. माजा मेल्याला दीर, आन् त्येच्या खाली मी. दोघांनी बसून वाटून घेटलं मला. जित्तेपणी."

आता कुणी हसलं नाही.

बाईंनी तपासणीच्या फाईलमधून केंद्राध्यक्षाचा अहवाल काढला. त्यात एक रकाना असतो, प्रदत्त मते. खरा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं असलं, तर त्याला परत पाठवायचं नसतं. वेगळ्या पाकिटात छापील मतपत्रिका ठेवलेल्या असतात, त्यातली एक त्याला द्यायची, त्यानं शिक्का मारायचा, ती बंद करून ठेवायची. ती मोजली जात नाही, पण अमुक माणूस आला होता आणि त्याचं मत चोरीला गेलं होतं, याचा तो पुरावा. हेच प्रदत्त मत. चाफवड्याच्या अहवालात त्या रकान्यापुढं लिहिलं होतं, शून्य. पाकीट सीलबंद परत.

"केंद्राध्यक्ष कोण होते?"

शेवटच्या रांगेतून एक तरुण मास्तर उठला. विश्वजित चौगुले. शेजारच्या गावच्या शाळेत होता, नोकरी लागून दोनच वर्षं झालेली. आज तपासणी म्हणून त्याला बोलावून घेतलं होतं.

बाईंचा सगळा राग आता त्याच्यावर कोसळला. धैर्यशील आणि हंबीरराव काय, गावचे पुढारी. त्यांच्याकडून कुणी नियमाची अपेक्षा धरावी? पण हा सरकारचा माणूस, शिकलेला, पाकीट याच्या पुढ्यात. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडं मागायची?

"एक म्हातारी राधानगरीहून उपाशीपोटी मत द्यायला येते," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला सांगता, झालंय? दुपारी त्या अठरा सह्या होत होत्या तेव्हा तुमचे डोळे कुठं होते? शेण खायला गेले होते? पाकीट शेजारी होतं. उघडायला हात झडले होते? मुलांना नागरिकशास्त्र शिकवता ना तुम्ही? काय शिकवता? मगदूमसाहेब, लिहा. केंद्राध्यक्षांनी कर्तव्यात कसूर केली. नाव घाला. कारवाईची शिफारस घाला."

सोमशेखर लिहू लागले. विश्वजितनं एकदा चिमणाबाईकडं पाहिलं, एकदा बाईंकडं. मग पिशवीत हात घालून एक वही काढली. साधी, दोनशे पानी. तिची पानं उलटत त्यानं एक पान काढलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तुमच्याच प्रशिक्षणाला होतो. गारगोटीला. तिसऱ्या रांगेत. मी प्रश्न विचारला होता, खरा मतदार आला आणि त्याचं मत झालेलं असलं तर काय करायचं."

बाईंची नजर त्याच्या वहीकडं गेली.

"तुम्ही सांगितलं ते मी लिहून घेतलंय." त्यानं वाचलं. "नियम पुस्तकात आहे. पण ते पाकीट फोडायच्या भानगडीत पडू नका. एक पाकीट फोडलं की चार फॉर्म, दोन जबाब, आणि साहित्य जमा करताना सगळ्यात शेवटी नंबर. उमेदवारांचे गावातले प्रतिनिधी शहाणे असतात. त्यांना पुढं करा, ते समजूत काढतात. पाकीट सीलबंद परत आलं की तुम्ही सुटलात."

वही त्यानं टेबलावर ठेवली. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

बाईंना प्रशिक्षणाचं ते सभागृह आठवलं. दोनशे मास्तर, वर पंखे, आणि या वाक्याला पिकलेला हशा. तो हशा त्यांना आवडला होता. दर वर्षी त्या हे वाक्य त्याच जागी घेत असत, कारण तिथं हमखास हशा येई. त्या अर्धा तास नियम शिकवत आणि एका वाक्यात त्यांची वाट लावत, आणि मास्तर घरी जाताना तेवढंच वाक्य घेऊन जात.

आणि ते नुसतं सांगायचं वाक्य नव्हतं. अकरा निवडणुका त्या तशाच वागल्या होत्या. अकरा वेळा पाकीट सीलबंद परत केलं होतं आणि जमा करून घेणारा कारकून म्हणाला होता, सरनोबत बाईंचं काम म्हणजे नीटनेटकं. गगनबावड्याच्या बाजूला एकदा काठी टेकत आलेला एक माणूस आठवला. तुमचं मत झालंय बाबा, म्हटल्यावर तो दारातच दहा मिनिटं उभा राहिला होता. मग बाईंनी शिपायाला खूण केली होती. त्या माणसाचं नाव काय होतं? ते त्यांनी तेव्हाही बघितलं नव्हतं. बाईंना स्वतःची किळस आली. इतका वेळ ज्या तोरात त्या बोलत होत्या, तो तोर आठवून कानशिलं तापली.

धैर्यशील राजकारणी होता. वारा कुठून आलाय हे त्याला लगेच कळलं.

"मग मिटलंच की मॅडम," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ह्यात तुमचं नाव यायला नगं, पोराची नोकरी जायला नगं, गावाचं बक्षीस जायला नगं. काकीला मी सोता लेकीकडं गाडीनं सोडतो. निरंक लिवा आन् पोहे गार व्हायच्या आत खावा."

"ते निरंक म्हंजे काय?" चिमणाबाईनं विचारलं.

"म्हंजे काय दोष न्हाय," हंबीरराव म्हणाला.

"म्हंजे मी आलोच न्हवतो."

"काकी, पण निकालात फरक पडत न्हाय गं."

"तुजा निकाल घाल चुलीत," चिमणाबाई म्हणाली. "मी निकाल बदलायला आलोय व्हय? मी आलतो, एवढं लिवा. कुटंतरी कागदावर लिवा की ही बाई जित्ती हुती आन् आलती."

बाईंनी सोमशेखरांकडं पाहिलं. सोमशेखरांनी पेन खाली ठेवलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो." मग समोर म्हातारी उभी आहे हे लक्षात येऊन ते ओशाळले. "माफ करा आजी. पण अडचण सांगतो. पूर्णिमाबाईंचं नाव यात आलं तर त्या तपासनीस राहत नाहीत. साक्षीदार होतात. मग अहवालावर माझी एकट्याची सही राहते, आणि एका सहीचा अहवाल वरून परत येणार."

"परत आला की पुन्हा शून्य," बाई म्हणाल्या.

"अहवाल परत येईल. जबाब परत येत नाही. जबाब टपालात दिला की त्याला आवक क्रमांक पडतो. मग तो कुणाला आवडो न आवडो, त्या फायलीतून काढता येत नाही. तीस वर्षांत एवढं एकच शिकलोय मी."

"पण मग तुमची पेन्शन, तुमचं नाव..." विश्वजित बोलायला लागला.

"तुम्ही गप्प बसा," बाई त्याच्यावर खेकसल्या. "तुम्ही सुटला नाहीत. दोन वर्षांच्या नोकरीत माणूस डोळे मिटून सह्या होऊ देतो, हे मी शिकवलं नव्हतं. तेही लिहायचं. पण निम्मं पाप माझं आहे, ते तुमच्या एकट्याच्या खांद्यावर जाणार नाही."

त्या उठल्या. टेबलामागची खुर्ची सोडून अलीकडं आल्या आणि बाकापाशी थांबल्या. धैर्यशील आणि हंबीरराव बघत राहिले. "सरका," बाई म्हणाल्या. दोघं सरकले. बाई चिमणाबाईला म्हणाल्या, "बसा." चिमणाबाई बसली नाही. तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की बाईंनाही मग बसवलं नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"मॅडम, इचार करा," धैर्यशीलच्या आवाजातला मध संपला होता. "उद्या पेपरात येईल. तपासायला आलेली बाईच चोर निगाली म्हणून."

"येऊ दे. मथळा बरोबर आहे."

आधी चिमणाबाईचा जबाब झाला. मतदानाच्या दिवशी दुपारी तीन वाजता मी स्वतः केंद्रावर हजर होते, असं सोमशेखर लिहू लागले. "हुते न्हवं, हुतो," ती म्हणाली. "मी बोलतो तसं लिवा." सोमशेखरांनी खोडून हुतो लिहिलं. मग दोघा पुढाऱ्यांना विचारलं, तुमच्या रीतीचा जबाब देता का? मघाशी तोंडभरून सांगणारे दोघं एकदम गावचे कुणीच नसल्यागत छताकडं बघू लागले. सोमशेखरांनी तेही लिहिलं. शिवाय मघाशी ते जे बोलले होते ते त्यांनी आधीच शब्दाला शब्द उतरवून ठेवलेलं होतं, फिट्टंफाटसकट. हंबीररावानं ते वाचलं आणि तो तंबाखू थुंकायला बाहेर गेला तो परत आला नाही.

मग पूर्णिमाबाईंचा जबाब. त्यांनी सगळं सांगितलं. वाक्य, हशा, अकरा पाकिटं. सांगताना आवाज चढत होता, आणि तो कुणावर चढतोय हे आता सगळ्यांना कळत होतं. शेवटी त्या थांबल्या. सोमशेखरांनी कागद सहीसाठी त्यांच्याकडं फिरवला.

चिमणाबाई इतका वेळ ऐकत होती. ती पुढं आली.

"बाई, एक सांगा," ती म्हणाली. "माज्यासारकी अशी किती माणसं तुमी दारातनं माघारी धाडलासा?"

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. तो काठीवाला. एक बाई, कडेवर मूल असलेली. दोघं भाऊ कुठल्याशा वाडीचे. त्याच्या पुढं सगळं धूसर होतं.

"मोजली नाहीत," त्या म्हणाल्या.

"आन् आमचं मोजमाप तपासाया आलायसा."

सोमशेखरांनी विचारलं, "हे लिहू?"

"लिहा," बाई म्हणाल्या. "त्यांचं पण आणि माझं पण."